काकीच्या रानाचे वारस

माझ्या चुलत्यांना मूलबाळ नव्हतं आणि मरताना त्यांनी काही लिहूनही ठेवलं नव्हतं. असं काही लिहून ठेवायचं असतं, हेच मुळी आमच्याकडं कुणाच्या गावी नव्हतं. निमोण्याजवळच्या आमच्या वस्तीवर बिनमुलाचा माणूस गेला की रान कुणाचं, हे ठरवायची सोपी रीत होती. प्रेतापुढं शिंकाळं ज्यानं धरलं, त्याचं रान. शिंकाळं म्हणजे दोरीला अडकवलेलं विस्तवाचं मडकं. ते हातात धरून जो पुढं चालतो तोच मग पाणी पाजतो, तोच अग्नी देतो आणि तोच पुढं त्या रानात नांगर घालतो. निदान गावातल्या सगळ्यांचा तसा ठाम समज होता.

आजोबांना दोन मुलगे. थोरले माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, आणि धाकटे आप्पा. आजोबांच्या निम्म्या आयुष्यापर्यंत घरात मेंढरं होती. मग मेंढरं विकून त्यांनी विहीर खोदली, रान केलं आणि डोळे मिटायच्या आत दोघांना ते वाटूनही दिलं. त्यामुळं आबांचं रान वेगळं, आप्पांचं वेगळं, सातबारे वेगळे. घर मात्र एक आणि चूल एकच, कारण माझी आई आम्ही लहान असतानाच गेली आणि आम्हा तिघांना आप्पांच्या बायकोनं वाढवलं. माझे दोन मोठे भाऊ आणि मी, त्यांची एकुलती बहीण. आम्हाला आई आठवते ती काकीच्या रूपात. काकी ठेंगणी, तोंडानं फटकळ, हसताना तोंडावर पदर घेणारी. आप्पांच्या रानात ती शेवंती आणि झेंडू लावायची. आप्पा तिला म्हणायचे, "फुलं काय खायची हायती का?" पण पाणी तेच धरायचे.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर, मी शिरूरला अकरावीत असताना, आप्पा अचानक गेले. सकाळी मोटार चालू करायला गेले आणि विहिरीवरच बसले ते उठलेच नाहीत. घरावर आभाळ कोसळलं होतं, काकी भिंतीला टेकून सुन्न बसली होती, आणि बाहेर ओट्यापाशी माझे दोघे भाऊ शिंकाळ्यावरून अडून बसले होते.

"मी थोरला. मान माझा," थोरला म्हणाला.

"मी आप्पांच्या अंगाखांद्यावर वाढलोय," धाकटा म्हणाला. "त्यांनी मला सायकल शिकवली."

"तू शिक्रापूरला कंपनीत. रानात काय येऊन हेल्मेट घालून खुरपणार हायेस का?"

तिरडी बांधून झाली, माणसं खोळंबली, तरी हे चालूच. आबा मुळात कमी बोलणारे. भाऊ गेल्याच्या दुःखात त्यांना काही सुचेना. शेवटी त्यांनी निवाडा केला तो असा, की घरापासून वेशीपर्यंत थोरल्यानं शिंकाळं धरायचं आणि वेशीपासून ओढ्यापर्यंत धाकट्यानं. असला प्रकार गावानं कधी पाहिला नव्हता. वेशीत अंत्ययात्रा थांबली, मडकं ह्या हातातून त्या हातात गेलं, धाकट्याला चटका बसला आणि तो एवढ्यानं ओरडला की रडणाऱ्या बायकाही क्षणभर गप्प झाल्या. पाणी कुणी पाजायचं यावर वाद नको म्हणून दोघांनी एकदमच पाजलं. परत येताना माणसं आपापसात म्हणत होती, "दोघांनी धरलं, म्हंजी रान निम्मं-निम्मं."

काकीचं काय, हा प्रश्न कुणाला पडला नाही. तिचंही ठरलंच होतं. एक महिना थोरल्याच्या घासावर, एक महिना धाकट्याच्या. थोरल्याचं लग्न झालेलं होतं, धाकट्याचं व्हायचं होतं. तोवर ती दोघांचं रांधणारच होती. दौंडच्या बाजूला तिचं माहेर होतं, भाऊ अजून मेंढरं वळायचा. तोही म्हणाला, "दीर चांगला हाय, पुतणे चांगले हायती, अजून काय पाहिजे?"  पण एका संध्याकाळी काकी शेवंतीच्या वाफ्यापाशी उभी दिसली आणि मला म्हणाली, "आता हितं ऊस लावत्याल." तिचा आवाज असा काही फुटला की मला तिच्याकडं बघवेना. ते रान तिच्या हातातून चाललं होतं.

आप्पांचे दिवस झाल्यावर आबा दोघा मुलांना घेऊन तलाठ्याकडं निघाले. अर्ज लिहायला मला बरोबर घेतलं, कारण घरात अक्षर फक्त माझं लागायचं. तलाठी बाहेरगावचा, पान खाणारा आणि घाईत असलेला माणूस होता.

"मयताला मूल?"

"न्हाई," आबा म्हणाले.

"आई?"

"आई-बाप दोघं बी कवाच गेले."

"बायको?"

"हाय की."

"मग ती कुठाय? तुम्ही सगळे कशाला आलात?"

थोरला पुढं सरकला. "सायब, शिंकाळं मी धरलं व्हतं."

"वेशीपतूर," धाकट्यानं लगेच दुरुस्ती केली. "फुडं मी."

तलाठ्यानं पेन खाली ठेवलं. आधी थोरल्याकडं बघितलं, मग धाकट्याकडं. "सातबाऱ्यात पिकाचा रकाना आहे, विहिरीचा आहे, झाडांचा आहे," तो म्हणाला. "शिंकाळ्याचा नाही. मूल नाही, आई नाही, म्हणजे वारस एकटी बायको. सगळं रान तिचं. पुतण्यांचा यात संबंध येत नाही."

मी आबांच्या तोंडाकडं बघत होते. मला भीती होती की ते चिडतील. ते खूप वेळ टोपी काढून डोकं खाजवत बसले आणि मग म्हणाले, "मंग तिचंच नाव लावा. कायदा हाय तर हाय." आबांचा मला आयुष्यात जेवढा अभिमान वाटला, त्यातला बराचसा त्या एका वाक्याचा आहे. भाऊ मात्र घरी येईपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. धाकट्याच्या हाताचा फोड अजून भरायचा होता.

काकीला ही बातमी मी सांगितली. ती भाकरी थापत होती. "माझं? समदं?" तिनं विचारलं. मी हो म्हटल्यावर तिनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, उतरवली आणि मग परातीतच हात ठेवून रडली. रडून झाल्यावर म्हणाली, "थोरल्याला सांग, उसाचं बेनं आणू नगं."

त्यानंतर आमच्या घरात मोठी मौज सुरू झाली. ज्या काकीला आजवर "ए काकी, वाढ की" एवढंच ऐकायला मिळायचं, तिला माणसं विचारू लागली, "काकी, तू जेवलीस का?" त्या वर्षी तिचा भाऊ कळप घेऊन आला तेव्हा तिनं त्याच्या मेंढ्या पहिल्यांदा आपल्या रानात बसवल्या. मेंढ्या रात्री रानात बसल्या की लेंडीखत आयतं मिळतं, म्हणून आमच्याकडं कळपाची वाट बघतात. आजवर पहिला मान आबांच्या रानाचा असायचा. काकी बांधावर उभी राहून भावाला हुकूम सोडत होती, "आणखी हिकडं, पार कोपऱ्यापतूर." तिचा सगळा कारभार आता असाच मोठ्या आवाजात चालायचा.

भावांनी रानाची आशा सोडली होती असं नाही. फक्त रस्ता बदलला. धाकट्यानं कंपनीतल्या कुणाकडून तरी मृत्युपत्र नावाची गोष्ट ऐकून आणली. "शिंकाळ्यात काय राम न्हाई," तो म्हणाला, "कागद पाहिजे." हे थोरल्याच्या कानावर जायला वेळ लागला नाही. मग काय, दोघांनी काकीची सेवा आरंभली. थोरल्यानं तिच्या खोलीत पंखा बसवला. धाकट्यानं तिला मोटारसायकलवर बसवून दौंडला नेलं आणि चष्मा करून आणला. थोरल्यानं न्हाणीघराला दार लावलं, तर धाकट्यानं गादी आणली. काकी दोघांना सारखंच म्हणायची, "गुणाचं रं माझं लेकरू." आणि कागदाचा विषय निघाला की तिला हमखास कमी ऐकू यायचं.

मी लग्न होऊन दौंडला गेले. दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी आबा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता, जसे जगले तसे. त्यांनीही काही लिहून ठेवलेलं नव्हतं. या वेळी मुलीलाही वाटा असतो हा कायदा सगळ्यांना माहीत होता, म्हणून भाऊ मला शिरूरला निबंधकाच्या कचेरीत घेऊन गेले. हक्कसोडपत्र म्हणजे बहिणीनं आपला वाटा भावांना सोडल्याचा कागद. सगळ्याच बहिणी करतात. माझ्या सासूनं केलं होतं, नणंदेनं केलं होतं. मी दाखवतील तिथं सह्या केल्या, भावांनी मला मोरपंखी साडी घेतली, स्टँडजवळ आम्ही तिघांनी भेळ खाल्ली आणि आबांच्या आठवणी काढत हसत-रडत घरी आलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

काकीला वाटलं. तिनं साडी हातात घेतली, पोत बघितला आणि परत माझ्या मांडीवर टाकली.

"कागद वाचलास का?"

"त्यात काय वाचायचं? सगळे करतात."

"तुला शिरूरला शाळंत घातली ती कशाला? भावांचे अर्ज लिव्हायला?" ती अशी तापली की मी घाबरले. "तुझा चुलता गेला तवा तलाठी बोलला म्हून मी वाचले. न्हाईतर मला बी एका लुगड्यात गुंडाळली असती. आन् तू शिकली-सवरलेली, चालत गेलीस!"

संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मी दौंडला निघताना मात्र पिशवीत शेंगा भरून दिल्या आणि म्हणाली, "माझ्या रानाचं मी बघते."

वर्ष-दोन वर्षांनी तिनं निरोप धाडला, ये. मी गेले तर ती नवं पातळ नेसून, चष्मा लावून तयार. भावांना तिनं सांगितलं होतं की डोळे दाखवायला शिरूरला जाते. यष्टीत बसल्यावर मला म्हणाली, "वकिलाकडं जायाचंय. तुझ्या नावानं लिव्हून टाकते."  मी म्हटलं, "काकी, असं करू नको, भाऊ माझं तोंड बघणार नाहीत." तिनं कंडक्टरकडून शिरूरची दोन तिकिटं घेतली.

वकील तरुण होता, नुकतंच दुकान मांडलेला, गिऱ्हाईक बघून खूष झालेला. त्यानं टंकलेखन यंत्रात कागदसुद्धा चढवला.

"बोला आजी, कुणाला द्यायचं?"

काकीनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "आधी मला एक सांगा. म्या काहीच लिव्हलं न्हाई तर?"

"मूल नाही ना तुम्हाला? रान नवऱ्याकडून आलंय?"

"व्हय."

"मग ते नवऱ्याच्या वारसांकडं जाईल. दीर?"

"वारले."

"नणंद?"

"नव्हतीच."

"मग दिराची मुलं."

"पोरं म्हंजी पोरगेच का?"

"नाही आजी. पुतणे आणि पुतणी असेल तर तीही. सारखा वाटा."

"सारखा? ह्या पोरीला बी?"

"यांनाही. तसूभर कमी नाही."

"आन् हिनं बापाचं सोडलंय त्याचं काय?"

"ते बापाच्या रानाचं. तुमच्या रानाला तो कागद लागू नाही."

काकी उठली. पदर नीट केला. "मग ऱ्हाऊ द्या लिव्हायचं."

वकिलाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, पण मृत्युपत्र केलेलं बरं असतं..."

"म्या लिव्हलं की भांडान माझ्या नावावर," काकी त्याला समजावून सांगू लागली. "हिला दिलं तर पोरं माझ्या नावानं खडे फोडत्याल. पोरांना दिलं तर ही गप बसंल, पर मला सोसायचं न्हाई. न लिव्हता सरकारच बरोबर वाटतंय तर म्या मधी कशाला तडमडू?"

वकील हसायला लागला. म्हणाला, "आजी, काम न करता समाधानानं जाणारं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही."

खाली आल्यावर तिनं मला उसाचा रस पाजला आणि तंबी दिली, "घरी काय बोलायचं न्हाई. म्या जित्ती हाय तवर तर अजाबात न्हाई." घरी पोचलो तर दोघे भाऊ ओट्यावर वाट बघत होते. डोळ्याचं निमित्त त्यांना पटलेलं नव्हतं.

"काम झालं का काकी?" थोरल्यानं विचारलं.

"झालं की."

"व्यवस्थित?"

"झ्याक," काकी म्हणाली आणि आत गेली. त्या आठवड्यात धाकट्यानं तिच्या खोलीत टीव्ही आणला.

तिची शेवटची वर्षं मोठ्या थाटात गेली. झेंडूचे क्रेट टेम्पोत चढताना ती खुर्ची टाकून बसायची. एका हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि आठवड्याभरात ती गेली. मी उशाशी होते. आईविना वाढले असं मला कधी वाटलं नव्हतं. ते त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आणि पुढं कितीतरी दिवस मला भाकरीसुद्धा धड थापता येईना.

तेरावा झाल्यावर भावांनी अगदी सभ्यपणे शोधाशोध सुरू केली. ट्रंक आवरायला घेतली, गादीला ऊन दाखवलं, ज्वारीची कणगी पार तळापर्यंत उपसली. थोरल्याला संशय होता की कागद धाकट्याकडं आहे, आणि धाकट्याला नेमका उलटा. दोघांची तोंडं बघून मला शेवटी राहवेना. मी सांगितलं, "तिनं काहीच लिहिलेलं नाही." दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. निम्मं-निम्मं तर निम्मं-निम्मं! तिघंही तलाठ्याकडं गेलो. तलाठी आता नवा होता, पण प्रश्न तेच.

"दिराची मुलं किती?"

"आमी दोघं भाऊ," थोरला म्हणाला.

"बहीण?"

थोरल्यानं माझ्याकडं बघितलं. मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते, नाही कसं म्हणणार? "हाय," तो म्हणाला. "पर तिचं हक्कसोड झालंय."

"ते वडिलांच्या जमिनीचं. ही चुलतीची. इथं तीन नावं लागतील, सारख्या हिश्श्यानं."

घरी आल्यावर वहिनीनं कुंकवाचा करंडा आणला आणि साडीही. भावांनी येताना वाटेतच घेतली होती, कारण याही रानाच्या हक्कसोडावर मी सही करणार यात त्यांना शंका नव्हती. खरं सांगायचं तर मलाही फारशी नव्हती. माहेरचा उंबरा कायमचा बंद होईल, ही भीती होती. पण मी सही करीन म्हटलं असतं, तर काकीनं वकिलापुढं जे केलं त्याची माती झाली असती. मी साडी बाजूला ठेवली आणि त्या दिवशी शिरूरला काय घडलं ते सगळं सांगून टाकलं. काकी काय बोलली, वकील कसा हसला, सगळं. "सही मी करणार नाही," मी म्हणाले. "काकीला हेच हवं होतं."

धाकटा एकदम हसत सुटला. "म्हंजी मी चष्मा, गादी, टीव्ही... आन् तिचं आधीच समदं ठरलेलं?" डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तो हसला. थोरला हसला नाही. तो उठून गोठ्याकडं गेला आणि मी निघेपर्यंत परत आला नाही.

नोंद झाली. माझं नाव सातबाऱ्यावर आलं. पण थोरल्याचा फोन येईना. दिवाळी आली. भाऊबीजेला धाकटा आला, जेवला, काकीच्या नकला करून गेला. मी ओवाळणीचं ताट संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं होतं. थोरला आला नाही. त्या संध्याकाळी मी नवऱ्याला म्हणाले, "देऊन टाकते मी ते रान." नवरा शहाणा माणूस, तो म्हणाला, "आधी जेवून घे."

दिवाळीनंतर आठवडा उलटला असेल. दुपारी दारात गाडी थांबली. थोरला होता. हातात बाजरीचं पोतं. ते त्यानं कोपऱ्यात ठेवलं, घाम पुसला, खुर्चीवर बसला आणि बराच वेळ आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "तुझ्या वाट्याच्या रानात काय घ्यायचं औंदा?"

त्या वस्तीवर मी जन्मले होते. तिथं मी खुरपलं होतं, पाणी धरलं होतं, फुलं तोडली होती. पण काय पेरायचं, हे मला माझ्या माहेरी तोवर कुणी कधी विचारलं नव्हतं.  मी चहाचं निमित्त करून आत गेले, तोंडावर पाणी मारलं आणि कप घेऊन बाहेर आले.

"कांदा," मी म्हणाले.

"कांद्याला पानी लागतं. हरभरा टाकू."

"कांदा."

त्यानं चहाचा घोट घेतला, कप बशीत ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं.

"बरं," तो म्हणाला. "कांदा."